वीस सेंटीमीटर

पुलाच्या तिसऱ्या खांबाला एक लोखंडी पट्टी आहे,
खालचे आकडे शेवाळानं खाल्लेले.
एकोणीस वर्षं मी ती वाचतो आहे,
सकाळी सहाला, संध्याकाळी सहाला.
मशिदीतले शेख सोडले
तर एकच मजकूर इतक्यांदा वाचलेला माणूस
बेलेदवेनमध्ये दुसरा नसेल.

आमच्यावरचं आभाळ कोरडं असतं,
गाढवं धुळीत लोळत असतात,
आणि शबेले चढायला लागते.
पाऊस पडून गेलेला असतो सरहद्दीपलीकडच्या डोंगरात,
ज्यांची भाषा आम्हाला येत नाही त्यांच्या शेतांवर.
त्यांचं भिजणं चार-सहा दिवसांनी
आमच्या उंबऱ्याशी येतं.

आकडा मी फोनवरून मोगादिशूला कळवायचो.
पण तो तिकडं पोचायच्या आधी
पुलावरच्या चहाच्या टपरीत पोचलेला असायचा.
सहा म्हटलं तर लोक चहा पीतच राहायचे.
साडेसहा म्हटलं की कुणीतरी पेला खाली ठेवायचं.
सातला गेद्दीच्या गाढवगाडीचं भाडं दुप्पट,
ताडपत्रीचं तिप्पट.
आठला भाडं विचारायलाही कुणी नाही,
सगळे डोक्यावर गाद्या घेऊन एल-जालेच्या उंचवट्याकडे.

एकदा मी खोटं वाचलं.
मेव्हणीचं लग्न होतं, मांडव नदीकाठी,
उंटाचं मांस शिजत आलेलं.
पट्टी म्हणत होती सात-दहा.
मी म्हणालो सहा-नव्वद.
लग्न लागलं. नवरी घोट्याएवढ्या पाण्यातून
हसत हसत गाडीत चढली.
रात्री उलुसोच्या वखारीत
तिळाची चौदा पोती भिजून फुगली.
त्यानं मला कधी जाब विचारला नाही.
त्याला माहीतच नाही.
अजून भेटला की माझ्या चहाचे पैसे तो देतो.

मग गावात डांबर आलं, सौरदिवे आले,
निळ्या काचांची तीन मजली इमारत आली,
बाजारातल्या आंधळ्या धुदीला
लोक फोनवरून भीक पाठवू लागले.
नातू तिला आकडा वाचून दाखवतो
आणि ती दुवा देते, फोनच्या दिशेनं.
काठाला मातीचा बांध आला,
एका पुरात गेला, पुन्हा आला.

आणि इदिल आली, पिवळं हेल्मेट, पायात पुरुषी बूट.
पुलाखाली तिनं एक पांढरी पेटी टांगली.
"आदेर, हे दर पंधरा मिनिटांनी पाणी मोजतं,
झोपत नाही, चुकत नाही."
मी विचारलं, त्याला मेव्हणी आहे का?
ती खूप हसली.
तिला वाटलं, म्हातारा गमतीशीर आहे.

आता आकडा सगळ्यांच्या खिशात वाजतो.
टपरीवाला मला विचारत नाही.
मी तरी जातोच, सकाळी सहाला.
सवय ही लुंगीसारखी असते,
सोडायची तर आधी दुसरं काही नेसायला हवं.

गेल्या दैरच्या पावसात मध्यरात्री फोन वाजला.
परवापर्यंत साडेसात.
मुहुबोनं पडदा वाचला, मग माझे पाय पाहिले.
"तू जाऊन आलास का?"
टॉर्च घेऊन गेलो. पेटी बरोबरच सांगत होती.
गुडघ्यापर्यंत ओला होऊन परत आलो
तेव्हा कुठं तिनं शिवणयंत्र गच्चीवर न्यायला घेतलं.

मी थांबलो नाही.
उलुसोच्या वखारीचं दार ठोठावलं,
तो डोळे चोळत आला,
आणि मी पोती वर चढवू लागलो.
दहाव्या पोत्याला तो म्हणाला, बस कर,
वय बघ तुझं, पाणी परवा येतंय,
उरलेली उद्या पोरं चढवतील.
मला धाप लागली होती, तीळ मानेत चिकटले होते.
नाही, म्हटलं,
अजून वीस सेंटीमीटर बाकी आहेत.

त्यानं दारातून नदीकडं पाहिलं,
आणि मान हलवून
पोत्याचं दुसरं टोक धरलं.